आपटेकाकांची पत्तापडताळणी

श्रावणातला दुसरा रविवार, सकाळ, आमचं कोलकात्यातलं, बालीगंजचं घर. हजर: मी, म्हणजे मराठी मंडळाची चिटणीस; खजिनदार मीनल; आणि आपटेकाका. गैरहजर: उरलेली कार्यकारिणी, न कळवता. काम: गणपतीची निमंत्रणं पाठवण्याआधी सभासदांचे ईमेल पत्ते तपासणं.

आपटेकाका ईमेलचा पत्ता तपासायला बसने जातात.

पडताळणीचं संकेतस्थळ एखाद्या पत्त्यापुढे 'खात्री नाही' असा शेरा देतं, म्हणजे पलीकडच्या सर्व्हरने धड उत्तर दिलेलं नसतं. आपण दुपारी पुन्हा तपासतो. काका छत्री घेऊन निघतात. गेल्या वर्षी सॉल्ट लेकच्या एका सोसायटीत "साठ्यांचा ईमेल बघायला आलोय" म्हणाले. दरवानाने विचारलं, "दादू, ईमेल की बाडीते थाके?"

"ईमेल घरी राहतो का म्हणे! नसेल राहत. साठे होते ना! पोहे दिले. पत्ता पक्का."

कार्यालयाच्या सामायिक पत्त्याला शेरा मिळतो, 'पद, व्यक्ती नव्हे.' काका म्हणाले, "आपले अध्यक्ष." काही सर्व्हर कुठल्याही नावाला हो म्हणतात, तिथे माणूस असो नसो. शेरा: 'सगळंच स्वीकारतो.'

"मीनल, तुझा नवरा."

"काका, तो निदान हो तरी म्हणतो!"

यंदा मी कडक होते. मागच्या खेपेला इतकी पत्रं परत आली, की मंडळाचं ईमेलचं खातं बंद करण्याची तंबी मिळाली होती. म्हणून नियम केला: शेरा वाईट, तर नाव बाद.

तेवढ्यात यादीत जोगळेकरांचं नाव आलं. शेरा: 'मेलबॉक्स भरलेला.' हे बँकेतले. बदली होऊन नागपूरला गेलेले.

"थांबा, चिटणीसबाई. भरलेला म्हणजे पत्ता खोटा नाही."

"खोटा नाही, पण तिथे कोणी काही उघडत नाहीये, काका."

"भरलाय तो मीच."

सियालदहच्या बाजारात दोघं दर रविवारी बरोबर जायचे. बदलीनंतर काका तिथले फोटो पाठवू लागले: इलिश मासे, लिंबांच्या राशी, चिखलात रुतलेली हातगाडी. सगळे भलेमोठे. उत्तर एका ओळीचं यायचं, "इलिश शिळा दिसतोय." दिवाळीनंतर उत्तरं थांबली. वैशाखापासून फोटोही 'जागा नाही' म्हणून परत येऊ लागले.

"मग फोन करा ना," मीनल म्हणाली.

काकांनी चष्मा काढून पुसला. "फोन केला की काय झालंय ते कळेल. आत्ता निदान नुसता भरलेला आहे."

एक पत्र परत आल्याने खातं बंद होत नाही, असं म्हणून मी नाव ठेवलं आणि निमंत्रणं पाठवून दिली.

राहिलेलं काम: नागपूरला फोन. काका म्हणाले, चहा झाल्यावर करू. चहा झाला. आता दुसरा टाकलाय.