पुस्तकांची फॅट काढणारे नाना

पुस्तकाला फॅट असते, हे मला पन्नाशीत कळलं. कळवणारे संगमनेरचे नाना.

जिल्हाभरातल्या वाचणाऱ्या लोकांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे. त्यात शिक्षक आहेत, पेन्शनर आहेत, परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं आहेत आणि नगरला जुने ट्रॅक्टर घेऊन विकणारा मी आहे. पुस्तक वाचून झालं की चार ओळी लिहायच्या आणि इतरांनी वाचावं की नाही ते सांगायचं, एवढाच नियम. लोक लिहितात, 'भाषा ओघवती', 'मनाला भिडलं'. नाना लिहितात, 'फॅट साडेतीन. डिग्री बरी. घ्यायला हरकत न्हाई.'

नानांचा जन्म दूध संकलन केंद्रात गेला. पहाटेपासून रांग लावणाऱ्या गवळ्यांच्या किटल्यांत माप बुडवायचं, फॅट काढायची, दाटपणाची डिग्री बघायची, दुधात पाणी सापडलं की किटली परत करायची. नोकरी संपली, खोड संपली नाही. पुस्तक ते पहिल्या पानापासून वाचतच नाहीत. "दूध वरवर बघून कळतं का? ढवळून नमुना घ्यावा लागतो," हे त्यांचं शास्त्र. तीन ठिकाणी उघडतात, थोडं थोडं वाचतात आणि निकाल देतात. कवितासंग्रह: 'साय झ्याक हाय. खाली काय न्हाई.' जाडजूड ऐतिहासिक कादंबरी: 'म्हशीचं म्हनून आनलं, निघालं गायीचं.' भाषांतर: 'पावडरीचं दूध. पोट भरतं.' चरित्र आणि आत्मचरित्र यांत फरक काय, असं एका पोरानं विचारलं. नाना म्हणाले, 'चरित्रात पानी दुसरा घालतो. आत्मचरित्रात ज्याचं त्यो.'

लोक हसतात आणि वर कौतुकही करतात. एका प्राध्यापकांनी तर लिहिलं, 'नानांनी देशी समीक्षेला नवी परिभाषा दिली आहे.' त्यावर नानांनी भर गटात विचारलं, 'ही शिवी हाय का?'

इथवर ठीक होतं. मग त्यांनी माझ्या पैलवानाला हात घातला.

मी सातवीत शाळा सोडली. गिऱ्हाइकाची वाट बघत बसण्याचा धंदा, म्हणून वाचायला लागलो. त्यात एका पैलवानाचं आत्मचरित्र हाती लागलं आणि मी ते तीनदा वाचलं. गटावर पहिल्यांदा काही लिहिलं ते त्या पुस्तकाबद्दल. लिहायला अख्खी दुपार गेली. नानांचा निकाल आला: 'फॅट दोन. पानी. किटली परत.'

धंद्यात मी पहिल्या शब्दावर कधी उठलो नाही. मी लिहिलं, 'नाना, दोन फार कमी होतात. मधे कुस्त्या आहेत, तो भाग पुन्हा बघा. तीन करा.'

'कुस्त्या बघितल्या. त्यातच पानी हाय.'

'बरं, अडीचला मिटवू.'

'डेअरीत भाव हुत न्हाई. माप हुतं.'

डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. पारनेरच्या एका गुरुजींनी रिकाम्या किटलीचा फोटो टाकला. कहर म्हणजे एक गिऱ्हाईक माझ्याकडे ट्रॅक्टर बघायला आलं, इंजिनाभोवती फिरलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालं, "शेठ, याची फॅट किती?" तोही गटातला निघाला. त्याला मी ट्रॅक्टर विकला नाही. आजही विकणार नाही.

ज्याचं माप इतकं चोख, त्याचा काटा कुठेतरी अडकत असतोच, हे मी बाजारात शिकलोय. मी नानांचे जुने निकाल उकरायला बसलो आणि मनीषाताई सापडल्या.

या बाई मूळच्या आपल्याच भागातल्या, हल्ली भोपाळला असतात. त्यांच्या आवडीबद्दल काय सांगावं? त्यांनी सुचवलेली एक कादंबरी मी मुद्दाम मागवून वाचली. त्यात नायिकेची स्मृती दोनदा जाते. एकदा गेलेली मी समजू शकतो. पण नानांचा निकाल: 'फॅट आठ. अस्सल म्हैस.' मनीषाताईंचं कुठलंही पुस्तक काढा, आठ. खाली त्यांचं उत्तर ठरलेलं: 'धन्यवाद नाना.'

मी सापळा लावला. तीच कादंबरी, फक्त जुन्या मुखपृष्ठाची प्रत मिळवली आणि माझ्या नावानं गटावर सुचवली. नानांनी निकाल दिला: 'तीन. एकाच बाईची आठवन दोनदा जाती? नासलंय.'

सापडला चोर! दोन्ही निकालांचे फोटो फोनमध्ये घेतले. संगमनेरला एक ट्रॅक्टर बघायचा होताच. एका कामासाठी मी डिझेल जाळत नाही. पत्ता विचारत नानांच्या दारात उभा राहिलो.

दोन खोल्यांचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, नाना एकटेच. गावभराचं दूध ज्यानं पारखलं, त्याच्या ओट्यावर पिशवीचं दूध.

"या ट्रॅक्टरवाले," नाना म्हणाले. "चिडून आलाय जनू."

"चिडून नाही, पुराव्यानिशी आलोय." मी फोन त्यांच्यापुढे धरला. "हे एकच पुस्तक आहे. मनीषाताईंनी आणलं तर आठ, मी आणलं तर तीन. आता गटातून तुम्ही आपणहून निघता, की हे सगळ्यांना दाखवू?"

माझा हिशेब सरळ होता. म्हातारा गडबडेल, तडजोडीवर येईल, मग पैलवानाची चारचौघांत फेरतपासणी मागायची. तीनच्या खाली उतरायचं नाही.

नानांनी दोन्ही फोटो बघितले. गडबडले वगैरे नाहीत.

"माप चुकलं न्हाई," ते म्हणाले. "तिचं कधी मोजलंच न्हाई."

"मोजलं नाही म्हणजे?"

"मनीषा माझी लेक हाय."

पुढं धरलेला फोन मी मुकाट खिशात घातला. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

"लगीन तिनं तिच्या मनानं केलं. बोलनं मी बंद केलं. आधी फोन करायची, मी उचलत न्हवतो. मंग तिनं सोडलं. पुढं भाच्यानं सांगितलं, मामा, ती त्या पुस्तकांच्या गटात लिहिती. मी तवर दुधाच्या दरपत्रकापलीकडं काय वाचलेलं न्हवतं. म्हनलं, घाला मला त्यात."

"आणि तिला माहीत आहे? तुम्ही कोण ते?"

"नंबर दिसतोय की. गटात समदेच नाना म्हनतेत, म्हनून तिलाबी म्हनाया येतं." त्यांनी चष्मा पुसला. "नात झाली, ते मला एका रहस्यकथेखाली कळलं. 'बाळ झोपल्यावर वाचली' असं लिवलं हुतं तिनं. खून कुनी केला, आजून ठावं न्हाई मला."

मला संताप आला. घासाघीस न करता गिऱ्हाईक निघून गेलं की येतो तसा. "अहो, मग आठ-आठ काय लिहीत बसता? सरळ फोन लावा!"

"लावून काय बोलू?"

"जे लिहिता तेच."

"आठ लिवता येतंय. बोलता येत न्हाई." मग हात झटकून म्हणाले, "दाखवा जा समद्यांना. काढा मला. पर आज नगं. आधी हे वाचा. तुमी वाचनारे."

त्यांनी आपला फोन माझ्याकडे सरकवला. सकाळीच आलेला मनीषाताईंचा मजकूर होता: 'मुलीला ताप होता. तिच्या उशाशी बसून हे पुस्तक वाचून काढलं. नायिकेचा त्याग मनाला भिडला.' खाली लोकांनी विचारलेलं, 'नाना, फॅट?' नानांचं उत्तर नव्हतं.

"'होता' म्हनलीय," नाना म्हणाले. "म्हंजी गेला ना?"

"गेला असणार."

"आसनार न्हाई. नीट बघा. 'होता' म्हंजी उतरला? का तवा हुता, आन् आजून हायच?"

व्याकरण मी शाळेबरोबरच सोडलं होतं. मी दोनदा वाचलं. "दोन्ही अर्थ निघतात, नाना."

"आसं लिवू नये मानसानं," नाना म्हणाले. सकाळपासून ते त्या एका शब्दाचा नमुना घेत बसले होते आणि माप लागत नव्हतं.

मला असली कोंडी सोसत नाही. दुकानाच्या पायरीवर उभं राहून भाव न विचारणाऱ्या माणसाला मी हाताला धरून आत ओढतो. मी माझा फोन घेतला आणि गटावर लिहिलं, 'मनीषाताई, पुस्तकाचं राहू द्या. पोरीचा ताप उतरला का?'

गट चालवणाऱ्या बाईंनी तत्काळ दटावलं, 'कृपया विषयाला धरून लिहावे.' त्यांना मी काय लिहिलं ते इथे सांगत नाही.

मग मनीषाताईंचं उत्तर आलं. 'उतरला दादा, कालच. आता घरभर पळतेय. कुणाला काळजी लागली असेल तर सांगा त्यांना.'

मी फोन नानांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचलं.

"'त्यांना' म्हनलीय," ते हळूच म्हणाले. "म्हंजी कुनाला?"

"यात मात्र दोन अर्थ निघत नाहीत."

त्यांनी आपला फोन उचलला. मी म्हणालो, "नुसतं आठ लिहू नका."

"मंग काय लिवू?"

"मला काय विचारता? लेक तुमची."

नाना फोनवर वाकले. एक बोट काचेवर टेकायचं, उचलायचं. लिहिलेलं पुसायचं. मी समोर बसून माझ्या फोनकडे बघत होतो. 'नाना टाइप करत आहेत' असं वर दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. गटावर कुणीतरी चेष्टा केली, 'आज नमुना मोठा दिसतोय.' नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

पुन्हा दिसलं, 'नाना टाइप करत आहेत'. भोपाळलाही एका फोनवर हेच दिसत असणार, आणि तिथंही कुणी फोन खाली ठेवत नसणार.