डॉक्टर आले लावणीला

"अगं, त्या कंपनीच्या डॉक्टरला काय कळतंय! आपन नुसतं कण्हायचं, त्यो लिहून देतोय!" अशी फुशारकी हनुमंत बायकोपुढं, म्हणजे बाळाबाईपुढं, रोज सकाळी मारायचा. मग डॉक्टरनं दिलेला कमरेचा पट्टा खुंटीला अडकवायचा आणि टुणकन उडी मारून कामावर पळायचा!

खोटं कशाला बोला, कारखान्यात लोखंडी पेटी उचलताना त्याची कंबर खरंच धरली होती. पण ती केव्हाच बरी झाली आणि कंपनीची भरपाई मात्र घरबसल्या चालूच राहिली. "दुसरीकडे काम करताना सापडलास, तर भरपाई बंद आणि नोकरीही जाईल," असं कंपनीच्या डॉक्टर कौस्तुभनी बजावलं होतं. "व्हय सायेब," असं हनुमंत कण्हत म्हणाला आणि रिहे गावात नरहरीशेठच्या फार्महाऊसवर पुण्याच्या पाहुण्यांना भातलावणी शिकवायला लागला. तीही दिवसभर वाकून!

त्या रविवारी पाहुण्यांची गाडी थांबली आणि उतरलं कोण? डॉक्टर कौस्तुभ! हाफ पँटीत! सोबत बायको सुनीती!

हनुमंतनं डोक्यावरचं पानांचं इरलं पुढं ओढलं आणि तोंडाला बचकभर चिखल फासला.

"मामा, वाकायचं कसं?" डॉक्टरांनी विचारलं. मामांनी मुकाट्यानं वाकून दाखवलं.

"लाजाळू गडी हाय!" नरहरीशेठ बांधावरून ओरडले. "पन कंबर बगा त्याची! सकाळपास्नं वाकलाय, हूं न्हाई की चूं न्हाई!"

या शेठच्या तोंडात रोपांची जुडी कोंबावी, असं हनुमंतला वाटलं.

डॉक्टर वाकले. चार रोपं लावली आणि "आई गं!" करून तसेच राहिले. नाक चिखलापासून वीतभर वर!

"अहो, उठा ना!" सुनीतीबाई किंचाळल्या.

"उठता येत नाहीये!"

गाडी लांब डांबरी रस्त्यावर, मधे नुसता चिखल. "बगतोस काय? घे सायबास्नी पाठीवर!" शेठ गरजले. आता काय करता? हनुमंतनं इरलं टाकलं आणि डॉक्टरांना पाठंगुळी घेऊन निघाला. आपलं तोंड पुढं, डॉक्टर मागं, ओळखतायत कशाला! पण ते इतके विव्हळत होते, की त्याला राहवेना.

"सायेब, अंग सैल सोडा. लांब श्वास घ्या. काळजी करू नका, विश्रांती हेच औषध!"

पाठीवरचं विव्हळणं एकदम थांबलं. हे बोल दर तपासणीला डॉक्टरच त्याला ऐकवायचे!

"हनुमंत?"

"न्हाई... म्या काळू. त्याचा भाऊ."

"हनुमंत!"

"व्हय सायेब."

"चालत राहा."

गाडीपाशी त्यानं डॉक्टरांना अलगद उतरवलं. मग हात जोडून उभा राहिला!

"आजपासून भरपाई बंद," डॉक्टर कमरेवर हात ठेवून म्हणाले. "तू ठणठणीत आहेस, असं उद्याच कळवतो. नोकरीचं काय ते कंपनी बघेल."

"आवं, पन न तपासताच?" हनुमंत कळवळला.

"तपासलं की! त्या खाचरापासून इथपर्यंत, वर बसून!"