साडूला विचारायचं नाही

क्लाइव्हच्या घरात कुठलीही अडचण आली की ग्लेनिसच्या तोंडी एकच वाक्य असायचं : "थांब, मॅल्कमला विचारते." मॅल्कम म्हणजे तिच्या बहिणीचा नवरा. गाड्या, तिकिटं, बॉयलर, गुलाबावरची कीड, सगळं त्याला ठाऊक! चाळीस वर्षांत एकदाही तिने "थांब, क्लाइव्हला विचारते" म्हटलं नव्हतं. क्लाइव्हचा जळफळाट होईल नाही तर काय?

म्हणून सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला केटरिंगहून हेस्टिंग्सला जायची तिकिटं क्लाइव्हने गुपचूप स्वतः काढली. बारा वाजता केक. दोन्ही मुलींनी हात धरल्याशिवाय म्हातारी सुरी उचलणार नव्हती.

सोमवारी सकाळी आठलाच दोघं स्टेशनवर हजर. समोर गाडी उभी. ग्लेनिस चढायला निघाली तर क्लाइव्हने तिची बाही धरली.

"ही नाही. आपलं तिकीट ऑफ-पीक आहे, गर्दीची वेळ सोडून. सोमवार ते शुक्रवार साडेनऊच्या आधी चालत नाही."

"अरे, पण गाडीत चिटपाखरू नाही!"

"नियम म्हणजे नियम."

"मॅल्कमला एक फोन..."

"खबरदार!"

रिकामी गाडी गेली. मागून दुसरी रिकामी आली, तीही गेली. तिकीट-फाटक उघडंच होतं आणि तिथे बसलेला माणूस कोडं सोडवत होता. त्याला विचारावं असं क्लाइव्हच्या मनात आलं होतं, पण अनोळखी माणसाला उगाच कशाला त्रास द्यायचा? दोघं बाकावर थर्मासमधला चहा पीत दीड तास बसून राहिली.

लंडनला गाडी बदलायची, म्हणजे एका स्टेशनातून निघून दुसऱ्या स्टेशनात जायचं. तिथे मात्र क्लाइव्हची छाती फुगली. "तिकिटावर हा बारीकसा क्रूस दिसतोय? म्हणजे मधली भुयारी रेल्वे ह्यातच."

"अगंबाई! हे तुला कसं कळलं?" ग्लेनिस म्हणाली.

चाळीस वर्षांच्या उपासाचं पारणं फिटलं. ते समाधान पुढे दोनेक तास टिकलं.

हेस्टिंग्सला पोचायला एक वाजला. केक कापून झाला होता. ग्लेनिसच्या जागी सासूबाईंचा हात धरायला मॅल्कम उभा राहिला होता.

"काय रे साडूभाऊ," मॅल्कम म्हणाला, "आज सार्वजनिक सुट्टी ना! सुट्टीच्या सोमवारी ते बंधन नसतंच. आम्ही सातच्या गाडीने आलो. एक फोन करायचास की!"

ग्लेनिसने केकचा उरलेला चुरा ताटलीत गोळा केला आणि पाठ फिरवून खाल्ला. तिने शिव्या दिल्या असत्या तर क्लाइव्हला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी चौघं एकाच गाडीने परत निघाली. लंडन ब्रिज स्टेशन आल्यावर मॅल्कम म्हणाला, "बाहेर पडूच नका. ह्याच स्टेशनात पलीकडे आमची बेडफर्डची गाडी लागते. तिथून तुमची केटरिंगची मिळेल."

"आमचं तिकीट भुयारी रेल्वेचं आहे," क्लाइव्ह ताठ मानेने म्हणाला. "चल, ग्लेनिस."

"माझे पाय दुखतायत," ग्लेनिस म्हणाली आणि बहिणीसोबत पलीकडे गेली.

क्लाइव्ह एकटा भुयारात उतरला आणि समोर आलेल्या डब्यात जाऊन बसला. आता मॅल्कम तिला खिडकीची जागा देत असेल. आता पेपरमिंट काढत असेल. आता ती हसत असेल! मेल्याचे दात किती पांढरे! असं चाललं असताना डबा उजेडात आला, थांबला आणि सगळे उतरले. पाटीवर नाव होतं मॉर्डन. उत्तरेला जायचं होतं, ते दक्षिणेचं टोक आलं होतं.

त्याने पाकीट उघडलं. आत दोन तिकिटं होती. एक त्याचं आणि एक ग्लेनिसचं.

तिचा फोन बंद. तिची बहीण वेंडी फोन वापरत नसे. राहता राहिला एकच नंबर. क्लाइव्हने दात-ओठ खात तो लावला.

पलीकडून ग्लेनिसचाच आवाज आला. "हळू बोल. मॅल्कमला झोप लागलीय."

"अगं, तुझं तिकीट माझ्याकडे राहिलं!"

"माहीत आहे. तपासनीस येऊन गेला. मी नवं काढलं. तू आहेस कुठे?"

"मॉर्डनला."

फोनवर मॅल्कमचं घोरणं ऐकू येत होतं.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "इथून घरी कसं यायचं गं?"

"थांब," ती म्हणाली, "मॅल्कमला उठवून विचारते."