आजीच्या मनाची राखण

साथ आली आणि आजीच्या चिरंजीवांनी आईचं मन सांभाळायचा चंगच बांधला. या दिवसांत म्हाताऱ्या माणसांची मनं खचतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. झालं! थोरल्या लेकीचा फोन, धाकट्या लेकाचा फोन, पुन्हा लेकीचा. सगळ्यांचं एकच पालुपद, "आई, खंबीर राहा हं!"

"अरे, मी खंबीरच होते! तुमच्या फोनांनी कान गळून पडायची वेळ आलीय."

"बघा, चिडचिड! हेच ते लक्षण," चिरंजीव कुजबुजले आणि त्यांनी एका समुपदेशक बाईंनाही कामाला लावलं.

आजीला हवी होती फक्त बाल्कनी. समोरच्या इमारतीत तिची मैत्रीण एकटीच राहायची. संध्याकाळी दोघी आपापल्या बाल्कनीतून ओरडून पत्ते खेळायच्या. कॅट दोघींचे वेगळे, त्यामुळे एक्के मुबलक आणि भांडणाला तोटा नाही. पण चिरंजीव बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसलेले!

"बाहेर हवेत काय काय असतं, आई."

"समोरचीला कुणाचा फोनसुद्धा येत नाही रे. मी दिसले नाही तर ती घाबरेल."

"तिचं नंतर बघू. आधी तुझं मन!"

आजी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होती, हे पोरं साफ विसरली होती. संध्याकाळी लेकीचा फोन आला, मग लेकाचा, मग समुपदेशक बाईंचा. आजीने तिघांना एकाच लाइनवर जोडलं आणि फोन चिरंजीवांच्या हातात कोंबला. "घे, तुझ्या बहिणीला काहीतरी झालंय."

बहिणीला काही झालं नव्हतं. आईची काळजी जास्त कोण घेतं, यावरून ती धाकट्याशी कडाकडा भांडत होती. भांडण सोडवता सोडवता चिरंजीव खुर्ची सोडून पार आतल्या खोलीत पोचले.

"एक विचारू?" समुपदेशक बाई मध्येच म्हणाल्या. "तुमच्यापैकी घाबरलंय कोण?"

चिरंजीव फोन कानाला धरूनच पलंगावर बसले.

बऱ्याच वेळाने चिरंजीव बाहेर आले. डोळे लाल. बाल्कनीत आजी कठड्याला टेकून गरजत होती, "लबाड कुठली! दाखव ते पान!" समोरून तितक्याच जोरात शिव्या येत होत्या.

"आई, त्या बाई उद्यापण फोन करणारेत."

"मला?"

"नाही... मला."

आजीने वळून त्यांच्याकडे नीट बघितलं.

"मग बोल मनमोकळं, लाजू नकोस. आणि आत जाताना हे दार लावलंस तर खबरदार!"