सर्वांना मनाई

घरच्या कॉम्प्युटरमध्ये परवानग्यांचा तक्ता सापडला, त्या दिवशी निवृत्त हेडक्लार्कना किती तरी महिन्यांनी जेवण गोड लागलं. फोल्डरवर उजवं बटण दाबलं की तक्ता उघडे. कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी खोडायचं, आणि पुढे 'परवानगी' नि 'मनाई' असे चौकोन. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं होतं काय? फरक इतकाच, की कचेरीत मनाईला तीन टिपणं आणि एक सही लागे. इथे एका टिचकीत काम.

घरात माणसं दोन. तरी तीन वाजेपर्यंत शिस्तीचा सांगाडा उभा राहिला. त्यांनी स्वतःचं नवं खातं उघडलं, त्याला सगळे अधिकार दिले आणि नाव ठेवलं 'प्रमुख'. बायकोचं जुनं खातं 'सामान्य' केलं. मग 'घर' या फोल्डरच्या तक्त्यात 'सर्वजण' अशी ओळ दिसली. तिच्यापुढच्या मनाईच्या एकूण एक चौकोनात त्यांनी खूण केली. मशीनने विचारलं, मनाई ही परवानगीला वरचढ ठरते, चालेल ना? हे वाक्य त्यांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावलं असतं.

'सर्वजण' म्हणजे प्रमुख सोडून बाकीचे, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. 'सर्वांनी दहाला हजर राहावे' हे परिपत्रक ते स्वतः साडेअकराला येऊन काढत.

सव्वातीनला बाई आतून आल्या. त्या शिवणाचा क्लास चालवत, म्हणून गल्लीला त्या 'बाई'. बावीस वर्षांची मापं आणि कटिंग त्यांनी दोन बोटांनी टाइप करून पुस्तक केलं होतं, आणि ते याच 'घर' फोल्डरमध्ये ठेवलं होतं.

"अहो, माझं पुस्तक उघडत नाहीये."

"नाहीच उघडणार. बंदोबस्त केलाय."

"कोणापासून? घरात आपण दोघं."

"म्हणूनच. उगाच एकाच माणसावर संशय नको."

"चारला प्रकाशकांना फाइल हवीय. आज नाही गेली तर पुस्तक पुढच्या वर्षावर गेलं."

"मग रीतसर माग. कोणती फाइल, कशासाठी, किती वेळ."

बाईंनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. "बाह्या आणि गळे. छापायला. कायमची."

हेडक्लार्क गंभीरपणे खुर्चीत बसले, 'प्रमुख' म्हणून आत शिरले आणि फोल्डर दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: आपणास हे फोल्डर उघडण्याची परवानगी नाही.

हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा लिहिलं होतं. वाचायची वेळ पहिलीच. त्यांनी चष्मा पुसला. वाक्य आणखी स्पष्ट दिसू लागलं. खुणा काढाव्या म्हटलं, तर तक्ताही हलेना.

"काय झालं?"

"प्रकरण तपासतोय."

"कधी होईल?"

"यथावकाश," ते सवयीने म्हणून गेले.

मशीन बंद करून चालू केलं, तर ते स्वतःच्याच सुधारणा बसवत बसलं. त्यात बारा मिनिटं गेली. मग त्यांनी अपिलाची सोय म्हणून 'वरिष्ठ प्रमुख' असं आणखी एक खातं काढलं. तोही बिचारा सर्वजणांतच मोडत होता.

बाईंनी धाकट्या बहिणीला फोन लावला, झालं ते सांगितलं आणि फोन यजमानांपुढे धरला. ती एका कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायची.

"भाऊजी, मनाई कोणाला केलीत?"

"सर्वांना."

"त्यात तुम्ही येता की नाही?"

"मी प्रमुख आहे."

"ते शिपायाला सांगा. मशीनला सर्व म्हणजे सर्व."

"मग आता वरचा कोण?"

"मालक. ज्याने फोल्डर केलं तो. त्याला तक्ता कधीच बंद होत नाही. मालकी तुम्हाला ओढून घेता येईल, पण ते समजावेपर्यंत मला पाच वाजतील. फोल्डर ताईने केलंय, तिला तिच्या खात्यातून बसवा."

"पण ती सामान्य आहे."

बाईंनी फोन काढून घेतला आणि त्यांना खुर्चीतून उठवलं.

बाई बसल्या. चुकलेली शिवण उसवावी तशा त्यांनी एकेक खूण काढली. फोल्डर उघडलं तेव्हा चारला दहा कमी होते. पण त्यांनी फाइल लगेच धाडली नाही. तिसऱ्या पानावर जाऊन काहीतरी टाइप केलं, मग धाडली. तीन सत्तावन्न.

"ऐन वेळी काय बदललंस?"

"आभार."

"काय होतं?"

"यजमानांनी कशाला नाही म्हटलं नाही, असं होतं. खोटं छापायला नको."

"आणि आता?"

"तुम्हाला वाचायची परवानगी दिलीय. तेवढीच."

हेडक्लार्कनी तिसरं पान काढलं. आभार धाकट्या बहिणीचे होते, कात्रीला धार लावणाऱ्याचे होते. त्यांनी तिथे आपली एक ओळ घातली. मशीनने ती जतन करायला नकार दिला. लाल पेन्सिल हातात धरून ते पानं उलटत राहिले. समोर आलेला मजकूर दुरुस्त न करता वाचायची त्यांना सवय नव्हती.

चाळिसाव्या पानावर ते थांबले.

"इथे चूक आहे. छातीचं माप छत्तीस, आणि कापड चाळीसचं कापायला सांगतेस. चार इंच जास्त कशाला?"

बाई शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आत माणूस असतं. त्याला हलायला जागा नको?"