चोरीला न गेलेल्या गाडीची तक्रार

हातात चेरी भरलेल्या गोड पायची बशी घेऊन व्हर्लिन टॅकेट चर्चच्या दारातून बाहेर आला आणि तिथेच खिळल्यासारखा उभा राहिला. समोर गाडी नव्हती. पाऊण तासापूर्वी मेपलच्या सावलीत त्याने स्वतःच्या हाताने लावलेली बावन्न वर्षांची लाल गाडी गायब होती. जमिनीवर तेलाचे चार थेंब तेवढे होते.

"नेडीन," तो बायकोला म्हणाला, "गाडी कुठाय?"

"मला काय विचारतोस? लावलीस तू."

व्हर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं. तो ज्या शर्यतीत उतरला होता, ती पाच दिवसांची होती. रोज एका गावच्या धावपट्टीवर पाव मैल जीव खाऊन गाडी पळवायची आणि मग तीच गाडी साध्या रस्त्याने अडीच-तीनशे मैल हाकत पुढच्या धावपट्टीला न्यायची. कडक नियम एकच, गाडी स्वतःच्या चाकांवर पोचली पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या पाठीवर बसली की खेळ खलास. गेली सहा वर्षं व्हर्लिन भाग घेत होता आणि सहाही वर्षं वाटेत कुठे ना कुठे गाडीने मान टाकली होती. नंबराबिंबराचा त्याला मोह नव्हता. शेवटपर्यंत पोचलेल्यांचा एक फोटो काढतात, त्यात त्याला एकदा उभं राहायचं होतं. यंदा चौथा दिवसही सरत आला होता आणि गाडी साधी शिंकलीसुद्धा नव्हती.

दारात स्पर्धकांना चेरी पाय वाटणाऱ्या युनिस आजींनी दोघांचे चेहरे पाहिले. "घाबरू नका रे बाळांनो. ओडेलने नेली. मीच त्याला फोन केला."

"नेली म्हणजे कशी नेली?"

"ट्रकवर घालून. बॉनेट उघडं, आरशाला पांढरा टॉवेल. एवढं कळत नाही होय आम्हाला?"

बॉनेट उघडून पांढरं फडकं लावलेली गाडी म्हणजे माणूस अडलाय, हे इंडियानात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. व्हर्लिनलाही त्याच्या बापाने हेच शिकवलं होतं. पण बॉनेट त्याने इंजिन निवावं म्हणून उघडलं होतं आणि टॉवेल नेडीनने वाळत घातला होता.

"मग काय ओलाच कोंबायचा होता बॅगेत?" नेडीन म्हणाली. "माझे कपडे आहेत त्यात."

ओडेल प्रुइटचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं. साठीचा, उंचापुरा ओडेल बादली घेऊन गाडी पुसत होता.

"या या, दादा. सगळं उघडून बघितलं, पण एक बिघाड सापडेल तर शपथ."

"बिघाड नव्हताच हो," व्हर्लिन कसाबसा म्हणाला.

"नव्हता? मग तर उत्तमच. धुवून झालीये, वहिनी. आतून पण झाडली."

नेडीनने नवऱ्याला बाजूला ओढलं. "कुणी बघितलेलं नाही. मुकाट्याने गाडीत बस आणि चल." तेवढ्यात ओडेलने कौतुकाने आपला फोन पुढे केला. चर्चच्या फेसबुक पानावर ट्रकच्या पाठीवरची लाल गाडी, दारावरचा शर्यतीचा नंबर ठळक, आणि खाली मजकूर: 'शर्यतीच्या पाहुण्यांना आपल्या गावाचा मदतीचा हात.'

फोटो बघून होतोय न होतोय तोच व्हर्लिनचा फोन वाजला. शर्यतीची मुख्य पंच जोलीन होती.

"व्हर्लिन, तुझी गाडी ट्रकवर काय करतेय?"

त्याने सगळं खरं सांगून टाकलं.

"माझा बाप असता तरी घरी पाठवला असता," जोलीन म्हणाली. "पण एक कलम आहे. गाडी चोरीला जाऊन परत मिळाली, तर चोराने तिला कशी नेली ते आम्ही धरत नाही. पोलिसातल्या तक्रारीची प्रत घेऊन सातच्या आत धावपट्टीवर ये."

"अगं, पण चोर कोण दाखवू?"

"ते तुझं तू बघ."

गाडी आतून झाडून देणाऱ्या माणसाला चोर कसं म्हणायचं? व्हर्लिनला लाजेने घाम फुटला. नेडीनने मात्र आडपडदा ठेवला नाही. "ओडेलभाऊ, तुम्हाला चोर म्हटलं तर चालेल का?"

ओडेलने दाढी खाजवली. "त्याने तुमचं काम होतंय का?"

"होतंय."

"मग चला की. ठाण्यात आपला भाचाच आहे."

तिघंही लाल गाडीतूनच ठाण्यात गेले. भाचा वेंडेल टेबलामागून बघतच राहिला. "मामा, तुम्ही चोरी केलीत?"

"हो रे. लिही. भर दिवसा केली."

"कशासाठी?"

ओडेलने मदतीसाठी व्हर्लिनकडे पाहिलं. "मोह झाला असं लिही," ओडेल म्हणाला.

"यांना विचारून नेली होती का?"

"नाही बुवा. हे चेरी पाय खात होते."

"मग चोरीच झाली," म्हणत वेंडेलने सगळं नीट लिहून काढलं आणि शिक्का मारला. व्हर्लिनचा जीव भांड्यात पडला. साडेपाच वाजले होते, धावपट्टी तासाभरावर होती. प्रत घेऊन तो उठला, तर वेंडेलने हात पुढे केला.

"चावी द्या."

"कसली चावी?"

"चोरीचा माल आहे, साहेब. जज्ज सोमवारी बसतात. तोवर गाडी पुरावा म्हणून आमच्या आवारात राहणार."

व्हर्लिनने चावी मुठीत घट्ट धरली. "आणि तक्रार मागे घेतली तर?"

"तर चोरी झालीच नाही. मामांनी गाडी नुसती ट्रकवरून नेली, असं होईल."

नेडीन बाकावर मटकन बसली.

"निदान तुमच्या आवारापर्यंत मला चालवत तरी नेऊ द्या," व्हर्लिन रडकुंडीला येऊन म्हणाला.

"पुरावा चालवता येत नाही. उचलून न्यावा लागतो." वेंडेलने डोकं खाजवलं. "आणि पंचक्रोशीत गाड्या उचलणारा ट्रक एकच आहे."

ओडेल केव्हाच दाराशी जाऊन हातमोजे चढवत होता.

"मामा, तुम्ही आरोपी आहात."

"असेन की," ओडेल म्हणाला, "पण हात रिकामेच आहेत ना माझे?"