हारुनला हडळ दाखवताना

हारुनला हडळ दाखवायची, हे मीच ठरवलं. (माझ्या चुकांची यादी बायकोला तोंडपाठ आहे. तीत ही आता बरीच वर आहे.)

हारुन माझा शाळेपासूनचा मित्र. सावद्यात त्याचं शिलाईचं दुकान. रक्तातल्या साखरेनं त्याची नजर हळूहळू नेली आणि दिवाळीपासून पुरता अंधार झाला. मशीनवर चादर टाकून तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला. एकदा त्याची बायको, खातूनभाभी, मला दारातच म्हणाली, "जितूभाऊ, चार दिवस झाले, हे बोललेच नाहीत."

तेव्हा मला आमची जुनी भुताची मालिका आठवली. सातवीत असताना आम्ही तिचा एकही भाग चुकवला नव्हता. आता ती मोबाईलवर फुकट दिसते, फक्त मध्येमध्ये जाहिराती येतात.

"आवाज तू ऐक, चित्र मी सांगतो," मी हारुनला म्हणालो.

"बघू, भो."

चार दिवसांतले पहिले दोन शब्द! मी घरी जाऊन बायकोला, कामिनीला, आनंदानं सांगितलं.

"तुम्ही सांगणार?" ती म्हणाली. "गच्चीवरचे पापड आणायलासुद्धा तुम्हाला सोबत लागते!"

रविवारी दुपारी आम्ही हारुनच्या घरी मोबाईल लावून बसलो. हवेली, कंदील, विहीर... सुरुवातीला मी फारच झकास सांगितलं. हारुनची मान भिंतीकडून माझ्याकडे वळली. तेवढ्यात विहिरीतून पैंजण वाजले आणि मी डोळे गच्च मिटले. (वय शेहेचाळीस. ऑफिसात हेडक्लार्क.) पण सांगणं थांबवून कसं चालेल?

"आली! पांढरी साडी, मोकळे केस!"

"मग?"

"हसतेय बघ!"

"हसणं तर गोड आहे की रे."

"फसवं असतं ते! आता तोंड उघडलं... दात! केवढाले दात! रक्तानं माखलेत!"

स्वयंपाकघराच्या दारातून भाभी म्हणाली, "जितूभाऊ, ती टूथपेस्टची जाहिरात आहे."

मी एक डोळा उघडला. पडद्यावर एक सुखी कुटुंब ओळीनं दात घासत होतं.

डोळे गेलेल्या मित्राला आपण फसवलं, या विचारानं मी त्याचा हात धरला. "माफ कर यार, मी डोळे..."

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता, दिवाळीनंतर पहिल्यांदा. हसता हसता त्या विझलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हसू थांबलं, तरी पाणी थांबेना. भाभीनं ओढणीनं त्याचं तोंड पुसलं.

मग तो म्हणाला, "पुढच्या रविवारपासून खातून सांगेल."

"मग मी येऊ नको?" मी पडेल आवाजात विचारलं.

"ये ना, भो. डोळे मिटून बसायला मला एकट्याला कंटाळा येतो."